आमच्या टेलिव्हिजनवर सगळं स्वच्छ दिसतं

शनिवार, १० नोव्हेंबर १९७३. सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहिते आहे. याच मिनिटाला नगरच्या सुदर्शन रेडिओ स्टोअर्समध्ये मी टेलिव्हिजनच्या पावतीवर सही केली. राहुरीतला पहिला. पुढे कुणी गावाचा इतिहास लिहायला घेतला तर त्याला शोधत बसायला नको.

जाहिरात बाजारच्या दिवशी ऐकली होती. टांग्याला दोन्ही बाजूंनी पाट्या, वर कर्णा, आत तोंडात पान धरून ओरडणारा गृहस्थ. पुण्यात टॉवर आला, आता मुंबईचे कार्यक्रम नगर जिल्ह्यात, घरबसल्या बघा, आधी बघा मग घ्या. कर्ण्यावरून बोलणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. पण ‘आधी बघा’ म्हणणारा माणूस लबाड नसतो. म्हणून आज एसटीने गेले आणि बघितलं.

दुकानाचे मालक राधाकृष्णशेट यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. काचेच्या कपाटात टेलिव्हिजन चालू होता. पडद्यावर बातम्या देणारी मुलगी. चित्र इतकं स्थिर की मी थक्क झाले. मुलगी पापणीसुद्धा हलवत नव्हती. केस चापूनचोपून, पदराला पिन, ओठ मिटलेले. सिव्हिल हॉस्पिटलात मेट्रन म्हणून इतक्या नर्सेस हाताखालून गेल्या, अशी शिस्त एकीच्याही अंगात नव्हती. आवाज का नाही, असं विचारलं. शेट म्हणाले, बाई, बाजारात आवाज सोडला तर गर्दी जमते आणि पोलीस येतात. पटलं. जबाबदार व्यापारी.

एरिअल उंच लागेल, हे त्यांनी आपणहून सांगितलं. मी म्हटलं, राहुरीत उंचीवर अजून कर बसवलेला नाही.

फंडातले पैसे गेले. जाऊ देत. ते काही मी बरोबर वर नेणार नव्हते.

त्याच दिवशी, दुपारी.

कारण लिहायचं राहिलं. माझी भाची फिलोमिना मुंबईला हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. तिची आई गेली तेव्हापासून, म्हणजे फ्रॉकची बटणं लावता येत नव्हती तेव्हापासून, मीच तिला वाढवलं. तिच्या हॉस्पिटलातल्या नर्सेसचं गायनमंडळ चोवीस डिसेंबरला संध्याकाळी मुंबईच्या टेलिव्हिजनवर नाताळची गाणी म्हणणार आहे. तिचं पत्र आलं, मावशी, तू इकडेच ये, माझ्या खोलीत दुसरी खाट रिकामी आहे, नाताळ इथे करू.

दोन नाताळ झाले, तिला सुट्टी मिळत नाही. म्हणून म्हातारीने गाठोडं घेऊन मुंबई गाठायची? लोक काय म्हणतील, रेबेकाबाई ओहोळ एकट्या पडल्या, म्हणून भाचीच्या दारात गेल्या. मला तिची आठवण वगैरे येत नाही. फक्त तिचा वरचा सूर कच्चा होता, तो सुधारला की नाही हे बघायचं आहे. ते घरी बसून बघता येतं. कळवलं, येत नाही, मी तुला इथून बघेन.

रविवार, ११ नोव्हेंबर.

चर्चमधली मिस्सा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर जाहीर केलं. चोवीस तारखेला संध्याकाळी सगळ्या गल्लीने माझ्या घरी यायचं. शांतवन आमच्या गायनमंडळींचा पुढारी. दर नाताळला पेटी गळ्यात अडकवून गल्लीभर घरोघर फिरतो. त्याला सांगितलं की यंदा फेरी माझ्या घरापासून सुरू होईल, आधी मुंबईची मुलगी ऐकायची, मग तुमचं काय ते. शांतवन म्हणाला, बरं सिस्टरबाई. तो मला नाही म्हणत नाही. कुत्रं चावलं होतं तेव्हा पोटातली सगळी इंजेक्शनं मी दिली होती.

साळूबाई दूध घालायला आली तेव्हा तिलाही बोलावलं. म्हणाली, येते की, पर टिव्ही म्हंजी नक्की काय हुतंय त्यात? म्हटलं, माणसं दिसतात. म्हणाली, मानसं तं रस्त्यावर बी दिसत्यात.

शिक्षणाचा अभाव.

गुरुवार, १५ नोव्हेंबर.

संच टेम्पोतून आला. चार पाय, सरकणारी दारं, लाकूड उत्तम. सोबत एरिअल बसवणारा श्रीमंत नावाचा माणूस. नावाप्रमाणे काही नाही, चपलेला सुतळी होती. कौलांवर चढून त्याने वीस फुटी पाइप उभा केला, तीन कौलं फोडली, आणि चौथं माझ्या समोर फोडून म्हणाला, हे आधीच तडकलेलं हुतं.

साडेसहाला चालू केला. पडदा उजळला. त्यावर पांढरे काळे ठिपके, अखंड हलणारे, आणि भजी तळताना येतो तसला आवाज. श्रीमंत मागे सरकला, मान तिरकी केली आणि म्हणाला, मॅडम, ही मुंबईच हाय. लांबून आलीया म्हनून धुळीनं माखलीया.

साळूबाई दारातूनच म्हणाली, बाई, ह्यात तं नुसत्या मुंग्या. आतमधी साखर सांडली का काय?

पहिल्या दिवशी कुठलंही यंत्र बिचकतं. आमच्या हॉस्पिटलातलं स्टरिलायझर आठवडाभर बिचकत होतं.

शनिवार, १७ नोव्हेंबर.

सकाळी अकरा वीसला मुद्दाम लावून पाहिला. दुकानात ज्या वेळी मुलगी दिसली, त्याच वेळी ती दिसायला हवी. मुंग्या. श्रीमंत फोडलेल्या कौलांच्या जागी नवी कौलं द्यायला आला होता (मी आणवली). त्याला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, टिव्ही सांजच्यालाच असतोय, सकाळी टेशन बंद.

मग गेल्या शनिवारी सकाळी मी काय पाहिलं?

विचार केला. नगर जिल्ह्याचं ठिकाण आहे. तिथे वेगळी लाइन असणार.

मंगळवार, २० नोव्हेंबर.

शेटना पहिलं पत्र. इंग्रजीत. कॉन्व्हेंटात मदर क्लेअरने शिकवलं होतं की राग आला तर वाक्यं लहान करावीत. चार ओळींत आटोपलं. प्रत ठेवली.

उत्तर टेम्पोवाल्याबरोबर तोंडी आलं. पाइप वाढवा.

शनिवार, २४ नोव्हेंबर.

पाइप चाळीस फूट. तो घराला पेलेना म्हणून साळूबाईच्या चिंचेला तारांनी बांधला. चिंच तिची, त्यामुळे तिने अट घातली की चिंचा उतरवताना अँटेना आड येता कामा नये. कबूल केलं. ताणाच्या तारांवर गल्लीतल्या बायकांनी लगेच लुगडी वाळत घातली. ओरडले. काढली. मी आत गेल्यावर पुन्हा घातली.

संध्याकाळी यश. चित्र नाही, पण आवाज आला. एक गृहस्थ स्पष्ट मराठीत कोंबड्यांच्या मानमोडीवर बोलत होते. पाच मिनिटं बोलले आणि गेले. वैद्यकीय विषय. फार उपयुक्त. शांतवनने लगेच आपल्या कोंबड्या वेगळ्या केल्या.

प्रगती आहे. हे मी पहिल्यापासून सांगत होते.

शनिवार, १ डिसेंबर.

फादरकडे गेले. देवळाचा घंटेचा मनोरा गावात सगळ्यांत उंच. वर एरिअल लावू द्यावं, असं सुचवलं. फादर नाही म्हणाले. मी वचन सांगितलं, जे कानात ऐकता ते धाब्यावरून, म्हणजे छपरावरून, गाजवा, असं प्रभू म्हणाले आहेत. फादर म्हणाले, गाजवा म्हणाले, मिस ओहोळ, अँटेना लावा नाही म्हणाले.

तरुण आहेत. अनुभव नाही. त्यांच्या सर्दीसाठी नेलेला काढा परत घेऊन आले.

गुरुवार, ६ डिसेंबर.

अक्षर आज वेडंवाकडं आलं आहे. वयामुळे नाही. संतापाने.

पत्राला लेखी उत्तर नाही, तेव्हा स्वतः नगरला गेले. कपाटात तोच संच चालू, तीच मुलगी, तीच साडी. आधी मनात आलं, सरकारी नोकरी, युनिफॉर्म असेल. पण साडीला तीच सुरकुती, त्याच जागी. मी जवळ जाऊन चष्मा पुसला. एवढ्यात मुलगी विझली. शेट उठले, काही झालंच नाही अशा थाटात कपाटाच्या मागे गेले, संचाची पाठ उघडली, आत हात घालून पिवळा बल्ब फिरवला, आणि मुलगी परत उजळली.

मी मागून पाहिलं. संच नव्हताच. रिकामी लाकडी पेटी. काचेला आतून कॅलेंडरचं चित्र चिकटवलेलं, त्यामागे एक झिरो नंबरचा दिवा. ज्या मुलीच्या शिस्तीचं मी कौतुक केलं, ती खताच्या कंपनीच्या कॅलेंडरवरची होती. खाली कोपऱ्यात अर्धी पोतीही दिसत होती.

मी इंग्रजीत बोलले. मग मराठीत बोलले. बाजारातली माणसं जमली. शेट शांत. म्हणाले, बाई, आम्ही कुठं म्हणालो की हे चालूच हाय? हे मॉडेल. कापडाच्या दुकानात बाहुलीला साडी नेसवत्यात, तिला तुम्ही जेवायला बसा म्हणता का? गर्दी हसली. मी म्हटलं, बाहुलीने मला घरबसल्या मुंबई दाखवते असं कधी सांगितलं नव्हतं. गर्दी माझ्या बाजूने हसली. बरोबरी.

मग शेट जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, संच परत आणा, पैसे देतो, हवा तर त्यात एक चांगला रेडिओ घ्या, नगरला चित्र यायला अजून बरीच वर्षं आहेत.

मी नकार दिला.

हा तत्त्वाचा प्रश्न आहे. संच परत करणं म्हणजे गुन्हेगाराला त्याचा पुरावा परत देणं. शिवाय चोवीस तारखेचं निमंत्रण गेलेलं आहे. करंज्यांचं सारणसुद्धा ठरलं आहे.

मला पहिल्या दिवसापासून त्या मुलीचा संशय होता.

रविवार, ९ डिसेंबर.

काल फिलूचं पत्र आलं. पुन्हा तेच. मावशी, अजून वेळ आहे, नगरहून रात्रीची बस आहे, मी स्टँडवर घ्यायला येते, तुला समुद्र दाखवते. खाली लिहिलंय, टेलिव्हिजन तुमच्याकडे खरंच लागतो का? इथे सगळे म्हणतात, लागत नाही.

उत्तर दिलं. टेलिव्हिजन फर्स्ट क्लास आहे, तू सुरात राहा.

खोटं लिहिलं नाही. संच खरोखर फर्स्ट क्लास आहे. लाकूड शिसवी असावं.

पत्र पेटीत टाकून परत येताना एक क्षण वाटलं की उद्या पेटी उघडताना पोस्टमनला थांबवावं. पण मला पोस्टाच्या कामात ढवळाढवळ आवडत नाही.

बुधवार, १२ डिसेंबर.

महत्त्वाचा शोध.

एक्स-रेची काच आठवा. सामान्य माणूस बघतो, त्याला धूर दिसतो. डॉक्टर बघतात, त्यांना मोडलेली बरगडी दिसते. बरगडी आधीपासून असतेच. डोळा तयार नसतो. टेलिव्हिजनचंही तेच. चित्र येतं आहे. आम्हाला बघता येत नाही.

आजपासून रोज संध्याकाळी सराव. डोळे अर्धे मिटून, खुर्ची सहा पावलं मागे.

शुक्रवार, १४ डिसेंबर.

आज बैल दिसला. डावीकडून आला, उजवीकडे गेला. बहुधा शेतकऱ्यांचा कार्यक्रम.

शनिवार, १५ डिसेंबर.

एक पूल आणि मिशीवाला गृहस्थ. पूल खात्रीने. मिशीबद्दल थोडी शंका.

शांतवनला सरावाला बोलावलं. बराच वेळ बघून म्हणाला, सिस्टरबाई, मला कायबी दिसंना. मी म्हटलं, शांतवन, नीट बघ. तो म्हणाला, बगतोय. मी वॉर्डातल्या आवाजात म्हटलं, शांतवन, दुखत नाही. तो ताठ बसला आणि म्हणाला, व्हय, दिसतंय, दिसतंय, गडी हाय मिशीवाला.

म्हणजे मिशीही खरी.

सोमवार, १७ डिसेंबर.

दुसरं पत्र शेटना. त्यात एक्स-रेचा सिद्धांत समजावून सांगितला आणि विचारलं की ग्राहकाला डोळ्याचं प्रशिक्षण देणं ही कंपनीची जबाबदारी नाही काय. प्रत ठेवली. उत्तर नाही.

साळूबाई आज दूध घालताना बराच वेळ रेंगाळली. मग म्हणाली, बाई, आवंदा पोरीकडं गेला असता तर काय बिगाडलं असतं? मी म्हटलं, मुंबई माझ्याकडे येते आहे, मी कशाला जाऊ. ती म्हणाली, मुंबई येती, पर पोरगी येती का?

तिला उद्यापासून अर्धा लिटर कमी घालायला सांगितलं. मग आठवलं, करंज्यांना दूध लागतं. परत वाढवलं.

शुक्रवार, २१ डिसेंबर.

श्रीमंतला पुन्हा बोलावलं. पाइप साठ फूट. साखर कारखान्यातून भंगारातला पाइप जोडून आणला. वर पोपटांची रांग बसते. त्यांच्या वजनाने अँटेना मनमाडच्या दिशेला फिरते, असं श्रीमंतचं मत. त्यांना हाकलायला पत्र्याचा डबा बांधला. आता वारा सुटला की डबा वाजतो आणि संचातला आवाज ऐकू येत नाही. पण तो तसाही येत नाही.

बसायची व्यवस्था ठरवली. पुढे मुलं, मग बायका, मग पुरुष. फादरना खुर्ची. कार्यक्रम चालू असताना बोलायचं नाही, तंबाखू नाही, बाळांना बाहेर. व्हिजिटिंग अवर्सचेच नियम. निश्चय: कुणी काहीही म्हटलं तरी रागवायचं नाही.

सोमवार, २४ डिसेंबर. दुपारी चार.

सगळं तयार. करंज्या झाल्या. तारा लावला. तारा म्हणजे दारावरचा कागदी आकाशकंदील, फिलूने शाळेत असताना केलेला, चार वेळा चिकटवलेला. संचावर भरतकामाचा रुमाल घातला होता, तो काढला. डोळ्यांना थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवून पडले होते.

मी जराही अस्वस्थ नाही. सातला सुरू.

मंगळवार, २५ डिसेंबर. नाताळ. सकाळ.

घडलं तसं लिहिते. कुठल्याही निष्कर्षाशिवाय.

गल्ली भरली. अंगणात, पायरीवर, खिडकीत माणसं. फादर खुर्चीवर. शांतवन पेटी मांडीवर घेऊन पुढे. साळूबाई नवं लुगडं नेसून दाराशी. सातला मी बटण फिरवलं. मुंग्या. तोच तळण्याचा आवाज. वर डबा वाजतोय.

 पुढच्या मुलांनी माना वर करून डब्याच्या दिशेने पाहिलं. मी म्हटलं, बघा, सुरू झालं. पांढऱ्या साड्या, दोन रांगा. मी म्हटलं, पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी. शांतवन?

शांतवन म्हणाला, व्हय सिस्टरबाई. तिसरीच.

त्यानंतर एकदम सगळ्यांना दिसू लागलं. एक म्हणाली, लई वाळलीया. दुसरी म्हणाली, न्हाई गं, साडीमुळं तसं वाटतंय. कुणीतरी म्हणालं, कानात नवी कुडी हाय का? मागून एक पुरुष, पेटीवाला कोन हाय, आपल्या शांतवनवानी दिसतोय. पोरांनी तर उंट पाहिले. फादर म्हणाले, फार छान, फार छान, आणि चष्मा काढून पुसत राहिले, परत लावला नाही.

साळूबाईला मी विचारलं नव्हतं. ती संचाकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, दिसतीया बाई. पोरगी ग्वाड दिसतीया.

मग गाणं ऐकू आलं. मला आलं. वरचा सूर सुद्धा बरोबर लागला. (आज साळूबाई म्हणते, तो शांतवन तोंडातल्या तोंडात गुणगुणत होता. असू शकेल.) बघता बघता सगळ्यांनी धरलं, सगळी गल्ली गाऊ लागली, शांतवनने पेटी उघडली. मी करंज्यांचं ताट फिरवायचं विसरले. एरवी मी असं काही विसरत नाही.

तेवढ्यात मागे दारात कुणीतरी विचारलं, काय चाललंय? पुढची मुलं मान न वळवता म्हणाली, गप बसा, फिलोमिनाताई गातीया.

ती म्हणाली, कुठे?

मुलांनी पडद्याकडे बोट दाखवलं. ती बॅग घेऊन आत आली, माणसांतून वाट काढत, संचासमोर वाकली, आणि बराच वेळ स्वतःला शोधत राहिली.

मग वळून म्हणाली, मावशी.

पेटीचा भाता हवा सोडत बसला. एवढाच आवाज.

झालं असं की टेलिव्हिजनवाल्यांनी नर्सेसचा कार्यक्रम चार दिवस आधीच रद्द केला. तिने मेट्रनच्या मागे लागून सुट्टी काढली आणि पहाटे बसमध्ये बसली. कळवलं नाही, कारण तिच्या म्हणण्यानुसार मी कळवलेलं ऐकत नाही.

सगळ्यांत आधी शांतवन सावरला. म्हणाला, तिकडं बी हाय आन हिकडं बी हाय. सिस्टरबाई, विज्ञान लई पुढं गेलं.

त्यानंतर जे हसू फुटलं ते पार कुरणापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेलं असेल. फादर सुद्धा. फिलू हसता हसता खाली बसली, करंजीचं ताट मांडीवर घेऊन. मी हसले नाही. मी तोंड भिंतीकडे केलं होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.

तिने खरोखर गायलं मग. पेटीबरोबर, अंगणात उभं राहून. वरचा सूर अजून कच्चाच आहे.

बुधवार, २६ डिसेंबर.

फिलूने संचाला आतबाहेर बघितलं आणि म्हणाली, परत कर मावशी. म्हटलं, पत्रव्यवहार चालू आहे. ती म्हणाली, मग चल माझ्याबरोबर, नवं वर्ष तिकडे कर. म्हटलं, पत्रव्यवहार चालू असताना मुख्यालय सोडता येत नाही. ती म्हणाली, मावशी, तू रिटायर झाली आहेस. म्हटलं, ते सरकारचं मत आहे.

रात्री भांडी विसळताना तिने विचारलं, मावशी, खरं सांग, मी तुला दिसले होते?

म्हटलं, डावीकडून तिसरी.

 तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. हात ओले होते म्हणून मला काही करता आलं नाही.

गुरुवार, २७ डिसेंबर.

सकाळच्या एसटीने गेली. स्टँडवर गेले नाही. गुडघा दुखत होता. कालपर्यंत दुखत नव्हता. साळूबाई पोचवून आली, म्हणाली, खिडकीतून लई येळ हात हालवीत हुती. कुणाला, असं विचारलं. म्हणाली, मलाच, पर माझ्यामागं बगत हुती.

शुक्रवार, २८ डिसेंबर.

संध्याकाळी साडेसहाला सराव केला. खुर्ची सहा पावलं मागे, डोळे अर्धे मिटून. आज काहीच दिसलं नाही. नऊपर्यंत बसले.

दोष डोळ्यांचा नाही. तिसरं पत्र लिहिलं, यावेळी मराठीत, म्हणजे समजलं नाही असं म्हणायला जागा नको. उद्या रजिस्टर पोस्टाने. त्याची नक्कल:

राधाकृष्णशेट, सुदर्शन रेडिओ स्टोअर्स, नगर, यांस.

शनिवार, दिनांक १० नोव्हेंबर १९७३ रोजी सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी आपण मला कॅलेंडर दाखवून टेलिव्हिजन विकलात. त्याबद्दलच्या माझ्या दोन पत्रांना लेखी उत्तर नाही.

आता नवी तक्रार. दिनांक २४ डिसेंबर रोजी आपल्या संचात माझी भाची स्पष्ट गाताना दिसली. चाळीसहून अधिक साक्षीदार आहेत, त्यात एक धर्मगुरू. त्याच वेळी ती माझ्या दारात बॅग घेऊन उभी होती. दारात असलेलं माणूस जो संच मुंबईत दाखवतो, तो संच सदोष आहे. आणि आता ती खरोखर मुंबईत आहे, तर तोच संच तिला दाखवत नाही. हा दुसरा दोष, आणि मोठा.

संच परत करण्याची आपली सूचना मी पुन्हा नाकारते. पैसे नकोत. रेडिओ नको. पाइप वाढवा असं तोंडी सांगू नये, पाइप आता आमच्या देवळापेक्षा उंच आहे.

मला एवढंच हवं आहे. मुंबईत माझं एक माणूस आहे. ते मला इथे बसून केव्हा दिसेल, तारीख आणि वेळ. आपल्याला माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, आणि तिथे जाण्याखेरीज दुसरा उपाय नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे मला कुणाला तरी ते दाखवता येईल.

उत्तर लेखी हवं. मंगळवार, १५ जानेवारी १९७४, संध्याकाळी पाच वाजण्यापूर्वी माझ्या हातात पडलं पाहिजे. साडेपाचला नगरची एसटी आहे. त्यानंतर आलेलं उत्तर घ्यायला मी घरी असेनच, असं समजू नये.

रेबेका ओहोळ, निवृत्त मेट्रन.